माहुलीवरचा आरसा

रात्रभर सडकून पाऊस झाला आणि पहाटे थांबला. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस म्हणजे जाता जाता दार आपटून जाणारा पाहुणा, पण जाताना घर झाडून जातो एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. सकाळी सातला आंबिवलीच्या चाळीच्या गॅलरीत देवराम तोंड धुवायला उभा राहिला आणि समोर बघून त्याने तांब्या तसाच खाली ठेवला. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवरचं गवत काडी-काडी वेगळं दिसत होतं. अशा दिवशी त्या टेकडीच्या माथ्यावरून काय काय दिसतं हे अख्ख्या आंबिवलीत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच तो तोंड न धुता आत वळला.

दारात केशरबाई उभी होती. अंघोळ झालेली, अंगावर पांढरी साडी, पायात मुलाचे, सम्यकचे, दहावीतले कॅनव्हासचे बूट, पुढे चिंधी कोंबून बसवलेले.

"आज माहुली दिसत असेल," ती म्हणाली. "मला वर न्या."

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि ही बाई एकदाही त्या टेकडीवर चढली नव्हती. डोंगर बघून भाकरी भाजत नाही, असं म्हणून ती नवऱ्याची आणि मुलाची थट्टा करायची. आणि देवराम, जो पूर्वी लख्ख दिवस सापडला की पायात चपला आहेत की नाहीत हेही न बघता वर पळायचा, तो वर्षभरात टेकडीकडे फिरकला नव्हता. लोक म्हणायचे, दुःख आहे बिचाऱ्याला. दुःख होतंच. पण टेकडी टाळण्याचं कारण निराळं होतं. ज्या दिवशी सम्यक माहुलीवर पडला, त्या दिवशी तो जिवंत आहे हे शेवटचं बघितलेला माणूस देवराम होता, आणि ही गोष्ट त्याने बायकोला सांगितलेली नव्हती.

"गुडघे दुखतात माझे," तो म्हणाला.

"माझेपण दुखतात. हळू जाऊ."

 त्याने शर्ट चढवला.

देवराम चौतीस वर्षं रेल्वेत होता, त्यातली शेवटची एकोणीस मालगाडीचा गार्ड. चाळीत अजून त्याला गार्डसाहेबच म्हणतात. मालगाडीच्या गार्डासारखा एकटा माणूस शोधून सापडायचा नाही. गाडीच्या शेवटी एक डबा, त्यात एक बाकडं, दोन झेंड्या आणि एक बत्ती. ड्रायव्हर पुढे पाव कोसावर, त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. गाडी वळणावर आली की दोघांनी बाहेर वाकून एकमेकांना झेंडी दाखवायची, की तुझं ठीक, माझं ठीक. रेल्वेत त्याला ऑल राइट म्हणतात. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना आसनगावच्या पुढे डाव्या हाताला माहुली उभी राहते, उजवीकडे लांबवर सह्याद्रीची भिंत. बोलायला माणूस नसल्यामुळे देवरामने या डोंगरांशीच ओळख वाढवली. कुठला कुठे, कुणाच्या मागून कोण डोकावतो, कुठल्या महिन्यात कोण तोंड लपवतो, सगळं तोंडपाठ.

सम्यक आठ वर्षांचा झाला तसं बापाने त्याला टाकीच्या टेकडीवर नेलं आणि एकेकाची ओळख करून दिली. हा मलंगगड. ते दोघं शेजारी शेजारी, गोरख आणि मच्छिंद्र. तो सिद्धगड. तिकडे दूर तो नुसता अंगठा वर काढलेला दिसतो ना, तो नाणेघाट. आणि ही आपली माहुली, सुळक्यांची वरात घेऊन उभी राहिलेली, नवरा, नवरी, भटजी सगळे. पोरगं बोटं मोजत पाठ करायचं. शाळेतले पाढे कधी इतक्या गोडीने पाठ केले नाहीत लेकाने.

पुढे पोरगं वाढलं, शिकलं, घोडबंदर रोडला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसू लागलं. इकडे देवरामच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. टेकडी चढता यायची, डोंगर नाही. मग रविवारी सम्यक डोंगरावर जायचा आणि बाप टेकडीवरून तिकडे बघत बसायचा. एकदा सम्यक म्हणाला, "पप्पा, मी वर पोचलो की तुम्हाला झेंडी दाखवतो."

"एवढ्या लांबून झेंडी दिसते होय? आरसा ने."

तिथून तो खेळ सुरू झाला. सम्यककडे एक गोल आरसा, देवरामकडे खिळ्यावरचा दाढीचा. पाऊस सरल्यावर हवा धुतलेली असली की माहुलीच्या माथ्यावरून उन्हाची तिरीप आंबिवलीपर्यंत येते, वीस-बावीस किलोमीटर. तिकडून तीनदा चमकलं की पोचलो. इकडून संथ दोनदा, ऑल राइट. मग तिकडूनही दोनदा. पहिल्यांदा जमलं तेव्हा हा बासष्ट वर्षांचा माणूस टेकडीवर एकटाच नाचला होता, आणि गुरं राखणाऱ्या एका बाईने ते बघून चाळीत सांगितलं होतं.

आणखीही एक नियम होता. तो खेळातला नव्हता, रेल्वेच्या पुस्तकातला होता. हातात लाल झेंडी नसेल आणि धोका असेल, तर जे हाती लागेल ते, बत्ती, टॉवेल, झाडाची फांदी, नुसते हातसुद्धा, जोरजोराने हलवायचं. कोणी काहीही जोरजोराने हलवताना दिसलं की समजायचं, धोका आहे, थांबा. हा नियम देवरामने सम्यकला लहानपणी शंभर वेळा सांगितला होता. जेवताना विचारायचा, "लाल झेंडी नाही, काय करशील?" आणि सम्यक हातातला चमचा गरागरा हलवायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात सम्यकने घोडबंदरला भाड्याचं घर बघितलं. एकोणिसावा मजला.

"पप्पा, ठाण्यापर्यंत गाडी, पुढे बस, त्यात तो ट्राफिक. रोजचे पाच तास जातात माझे. तुम्ही दोघंपण चला ना. मी मुद्दाम पूर्वेची खिडकी बघितली. हवा क्लिअर असली की तिथूनपण माहुली दिसते."

देवरामला एवढंच ऐकू आलं की पोरगा घर सोडून चालला. "जा की," तो म्हणाला. "उंचावर गेलं की बापाचं घर बारीकच दिसतं." आणि अबोला धरला. अबोला धरणं ही त्याची जुनी खोड. रागावला की ओरडायचा नाही, भांडायचा नाही, फक्त समोरच्याला माणसांतून उठवायचा. आठ दिवस तो मुलाशी शब्द बोलला नाही. चहाचा कप पुढे केला तरी केशरबाईकडे बघून म्हणायचा, "त्याला सांग, नको."

नवव्या दिवशी रविवार होता. रात्री पाऊस पडून गेलेला, आजच्यासारखीच हवा. बरोबर येणारे दोघं मित्र ऐन वेळी गळाले म्हणून सम्यक एकटाच निघाला. साडेसहाला आसनगावहून त्याने आईला फोन केला. "मम्मी, पप्पांना सांग, दहा वाजता आरसा दाखवतो." केशरबाईने निरोप दिला. देवराम पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणाला आणि पावणेदहाला खिळ्यावरचा आरसा खिशात घालून टेकडीवर हजर झाला. अबोला माणसाशी होता, आरशाशी नव्हता.

दहा वाजले. माथ्यावर काही नाही. साडेदहा. अकरा. माहुली अशी स्पष्ट की सुळके मोजून घ्यावेत, पण चमक नाही. देवरामचा पारा चढू लागला. आपल्याला मुद्दाम ताटकळत ठेवतोय, असं त्याच्या मनाने घेतलं. तो उठला, चार पावलं उताराकडे गेला, परत आला. आणि सव्वाअकराला चमकलं.

माथ्यावर नव्हे. माथ्याच्या बरंच खाली, खिंडीच्या डाव्या अंगाला, एका पांढुरक्या कड्याशी. आणि तीनदा नव्हे. डावीकडून उजवीकडे, वर-खाली, थांबेचना. दहा-वीस-पन्नास वेळा, नुसतं धडाधड चमकत राहिलं.

देवरामच्या मनात काय आलं ते त्याला अजून अक्षरशः आठवत होतं. ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या मनात आलं, आला वठणीवर. उशीर झाला, वर पोचता आलं नाही, आणि आता लांबून माफी मागतोय. माग म्हणावं. तो हाताची घडी घालून उभा राहिला. आठ दिवसांच्या रागावर ते चमकणं त्याला गार पाण्यासारखं वाटत होतं. चांगली दहा मिनिटं त्याने पोराला चमकू दिलं. मग, फार ताणण्यात अर्थ नाही असा मोठेपणा करून, त्याने खिशातून आरसा काढला आणि उत्तर दिलं. संथ, दोनदा. ऑल राइट.

तिकडचं चमकणं त्याच क्षणी थांबलं. थोड्या वेळाने तिकडूनही संथ दोनदा चमकलं. आणि मग काही नाही.

चौतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, ज्याने तो नियम रोज जेवताना पोराला घोकवला, तो शीळ घालत टेकडी उतरला.

घरी केशरबाईने विचारलं, "दिसला का?"

दिसला म्हणावं तर आपण नमलो असं व्हायचं. मुलगा घरी आल्यावर, हातपाय धुऊन समोर बसल्यावर, स्वतःहून पप्पा म्हणाल्यावर मग बोलू, असं त्याने ठरवलं होतं. म्हणून तो म्हणाला, "नाही. वर धुरकट होतं."

"एवढं लख्ख आहे की."

"वर धुरकट होतं म्हटलं ना."

आणि जेवला. वांग्याचं भरीत होतं, तीन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी सातपर्यंत सम्यक यायला हवा होता. साडेसात झाले, फोन लागेना. आठला केशरबाईने मित्रांना फोन लावायला सुरुवात केली. देवराम गॅलरीत उभा होता. समोरच्या चाळीत कोणीतरी एक पोर आईने बोलवलं तरी आत येत नव्हतं आणि बाल्कनीतून टॉर्च गरागरा हलवत होतं. देवराम त्या टॉर्चकडे बघत राहिला. मग तो कठड्याला धरून खाली बसला.

पोलिसांत जाऊन त्याने एवढंच सांगितलं, की माथ्यावर शोधू नका. खिंडीच्या डाव्या हाताला, पांढऱ्या कड्याशी बघा. "कशावरून?" तिथल्या माणसाने विचारलं. "मन सांगतंय," देवराम म्हणाला. अंधारात ती खिंड चढण्यासारखी नव्हती, त्यामुळे शोधणारे उजाडल्यावरच चढले आणि दहाच्या सुमाराला त्यांना सम्यक सापडला. बरोब्बर तिथेच. पडून मांडी मोडली होती, फोन फुटला होता, रक्त आतल्या आत साकळलं होतं. पहाटे कधीतरी गेला, डॉक्टर म्हणाले.

बापाचं काळीज, लोक म्हणाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात एका गृहस्थाने उभं राहून त्यावर पाच मिनिटं भाषण केलं, की बावीस किलोमीटरवरून बापाला जागा दिसली. देवराम पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. लोकांना ते नम्रपण वाटलं.

पण खरी सुरी फिरवली ती दौलतने, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दौलत हा माहुलीच्या पायथ्याच्या पाड्यावरचा पन्नाशीचा माणूस, वाटा दाखवणारा. सगळ्यांत आधी सम्यकपर्यंत तोच पोचला होता. सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर तो देवरामशेजारी उकिडवा बसला. पलीकडच्या बाकावर केशरबाई पदरात तोंड घालून बसली होती, तिला कोणाचं काही ऐकू जात नसावं असं वाटत होतं.

"येक गोष्ट मना समजली नाय, साहेब," दौलत म्हणाला. "त्यो पडला तिथून वाट पन्नास पावलांव आहे. आईतवारी दुपारच्याला तीन टोळ्या उतरल्या त्या वाटंनी. वढ्याचा आवाज होता, त्याची हाक कोनला ऐकू नाय गेली आसंल. पन तुमचा पोर सरकत निंघालेला. गवत दबलेलं, खरचटल्या हाताच्या रगताच्या खुना होत्या, पार निम्म्यापर्यंत गेल्या खुना. मंग उनात यावं म्हनून तो कड्याशी परत आला आसंल. आन तिथं दगडाला पाठ लावून बसला तो बसलाच. पिशवी आवरून ठेवलेली. बाटली उभी. तोंड खाली कल्यानाकडं. कोनी येनार हाय म्हनून बसावं ना, तसा."

 देवरामला सगळं समजलं होतं. ऊन लागावं म्हणून पोरगा परत कड्याशी आला, आरसा चमकवला, पप्पांचं उत्तर आलं. पप्पांनी बघितलं. पप्पांना नियम माहीत आहे. आता सरकायची गरज नाही.

पोलिसांनी सम्यकचं सामान प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिलं, तेव्हा हवालदाराने तो गोल आरसा वर धरून विचारलं, "हा कशाला?" देवरामने आरसा घ्यायला हात पुढे केला. पण केशरबाई आधीच म्हणाली, "दाढी करायला." डोंगरावर जाऊन कोण दाढी करतो? पण हवालदाराने मान हलवून लिहून घेतलं. घाबरून काहीतरी बोलली, असं देवरामला वाटलं. खिळ्यावरचा आपला आरसा त्याने त्याच आठवड्यात पुलावरून काळू नदीत टाकला आणि स्टेशनबाहेरच्या सलूनमध्ये दाढीला जाऊ लागला. केशरबाईने रिकाम्या खिळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि नवीन आरसाही आणला नाही. वर्षभर ती भांग अंदाजाने पाडत होती.

आता ती त्याचा दंड धरून टेकडी चढत होती. वाट ओली, माती बुटांना चिकटत होती. मध्ये एक जागा अवघड आहे, शेवटच्या वळणाच्या वर, तिथे देवरामने पुढे होऊन तिला हात दिला आणि ती तो घट्ट धरून वर आली. तिचा हात पूर्वीसारखाच खरखरीत होता. दोघांनी एकमेकांचा हात धरल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. दर दहा पावलांवर तो मनाशी ठरवत होता, आज सांगायचं. सगळं. वर पोचलो की लगेच. मग हिला जे करायचं ते करू दे.

माथ्यावर वारा होता. केशरबाईने दम खाल्ला, पदराने तोंड पुसलं आणि समोर बघितलं.

खाली नदी, वीटभट्ट्या, कारखान्याची बंद चिमणी, नव्या इमारतींचे सांगाडे. आणि त्या सगळ्याच्या वर, एवढ्याशा टिटवाळ्याच्या पलीकडे, डोंगर. कडेने कापून ठेवल्यासारखे. पूर्वेला सह्याद्री या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यात तो अंगठासुद्धा. देवरामला वर्षभरानंतर ते सगळे दिसले आणि इतक्या दिवसांनी भेटलेल्या सोयऱ्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हावं तसं त्याला झालं.

"कोणती?"

त्याने हात केला. "ती. सुळके दिसतात ना."

"एवढी जवळ आहे?" ती म्हणाली. "मला वाटलेलं, खूप लांब असेल."

बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही कुठे उभे होतात?"

"कधी?"

"त्या दिवशी."

देवरामने टाकीजवळचा खडक दाखवला. ती गेली आणि त्या खडकावर उभी राहिली, पाय नीट जुळवून. तिने कमरेच्या पिशवीतून तो गोल आरसा काढला.

"त्या दिवशी धुरकट नव्हतं," ती म्हणाली.

देवराम खाली बसला.

"कारणाशिवाय काही घडत नाही, विहारात भन्तेजी दर वेळी सांगतात. तुम्ही मागे बसून पेंगता, मी ऐकते. मन सांगतंय म्हणे. मनाला पांढरा कडा कसा कळेल? तुम्ही बघितलेलं." तिचा आवाज चढला नव्हता. "पोलिसांना आरशाचं खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुढचं तुम्हाला विचारलं असतं. म्हणून दाढीचं बोलले. म्हटलं, माणूस आधी मला सांगू दे. वर्ष गेलं."

"केशर, मला वाटलं तो..."

"काय वाटलं ते मला माहितीये. तेहेतीस वर्षं तुमचा अबोला खाल्लाय मी." ती माहुलीकडेच बघत होती. "मला एकच विचारायचंय. खोटं बोलू नका. तुम्ही त्याला उत्तर दिलेलं का? का रागात पाठ फिरवून आलात? वर्षभर मला हेच दिसतं डोळ्यांपुढे. पोर तिकडे आरसा हलवतंय, हलवतंय, आणि इकडे कोणी बघतच नाहीये. आपल्याला कोणी बघितलंच नाही असं वाटत गेला असेल का तो? हे मला झोपू देत नाही."

देवरामने तोंड उघडलं. सगळं सांगायचं ठरवून आला होता तो. पण तिने विचारलं होतं एवढंच, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे होतं.

"दिलं," तो म्हणाला. "उत्तर दिलं मी."

"काय दिलं?"

"ऑल राइट. दोनदा. त्यानेपण परत दोनदा दिलं."

केशरबाई खडकावर बसली आणि रडली. मुलगा गेल्यापासून ती रडली होती ते लोकांसारखं. हे वेगळं होतं, आतली गाठ सुटल्यासारखं. "म्हणजे त्याला माहीत होतं," ती म्हणत होती. "पप्पांनी बघितलं हे त्याला माहीत होतं. बरं झालं. बाई, बरं झालं." तिने नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. देवराम त्या हाताकडे बघत राहिला. पुढचं सांगायला हवं होतं.  राहू दे, त्याला वाटलं. हिच्या वाट्याला एवढी तरी सावली आली आहे. उरलेलं आपलं आपण ओढू, किती दिवस राहिलेत.

मग तिने त्याला आरसा कसा धरायचा विचारलं. त्याने तिच्या हातावर हात ठेवून तिरका केला, उन्हाचा ठिपका समोरच्या गवतावर पाडून दाखवला, तिथून हळू हळू वर उचलून माहुलीकडे कसा न्यायचा ते दाखवलं. तिने संथ दोनदा केलं. थोडा वेळ ती उत्तराची वाट बघितल्यासारखी थांबली, मग स्वतःशीच मान हलवून तिने आरसा पदराने पुसून पिशवीत ठेवला.

"चला," ती म्हणाली. "ऊन होईल."

उतरताना तिचा चेहरा वर्षभरात नव्हता इतका मोकळा होता. घरी गेल्यावर भरीत करते, म्हणाली. तेवढ्याने देवरामच्याही छातीवरचं काहीतरी हललं, आणि त्याची त्याला लाज वाटली. अवघड जागेपाशी तो आधी खाली उतरला, वळून त्याने हात पुढे केला.

केशरबाई वरच उभी होती. तिने हात घेतला नाही. ती त्याच्याकडे बघत होती, पण बघत नव्हती. मनातल्या मनात काहीतरी एकापुढे एक लावत होती.

"दौलत काय म्हणालेला?" तिने विचारलं.

"कोण?"

"तो दौलत. दवाखान्यात. मी ऐकत होते. सरकत निघालेला म्हणाला. निम्म्यापर्यंत. मग कड्याशी आला, आणि बसला तो बसलाच."

देवरामचा हात तसाच वर होता.

"तुम्ही उत्तर दिलंत," ती म्हणाली, "म्हणून तो बसला."

खाली कुठेतरी मालगाडी चालली होती, लांबच लांब. तिचा आवाज संपेपर्यंत दोघं तिथेच उभी होती.

"हो," देवराम म्हणाला.

केशरबाईने पदर खोचला. ती ओल्या मातीत खाली बसली, पांढऱ्या साडीसकट, दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि त्याच्या हाताच्या बाजूने सरकत सरकत खाली निघाली. दगड लागला की थांबायची, पाय आखडून घ्यायची, परत सरकायची. तिथून सपाट वाटेपर्यंत पन्नासेक पावलांचा उतार होता. एवढं वय, असले गुडघे, तरी बसून सरकत ती तो उतरून गेली.